सगळे घाव वरून खाली

आपल्या अंकात हे कशाला, असं दोघातिघांनी विचारलंच. कविता द्या, मोर्चाचा वृत्तांत द्या, हे गोऱ्या पोरांच्या गिटारचं काय घेऊन बसलात? त्यांना सांगतो. संतापावर आपण पुष्कळ लिहिलं. संताप यायला पाहिजे, असंही लिहिलं. पण आलेल्या संतापाचं करायचं काय, त्याला धार कशी लावायची, सकाळी आलेला संताप रात्रीपर्यंत टिकवायचा कसा, यावर कमी लिहिलं. मला ते एका कॅसेटने शिकवलं. म्हणून हे.

कॅसेटचं नाव 'मास्टर ऑफ पपेट्स'. कळसूत्री बाहुल्यांचा मालक. बँड मेटॅलिका, अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोकडचा. ३ मार्च १९८६ ला ती बाहेर आली. आठ गाणी, जवळजवळ ५५ मिनिटं. या संगीताला थ्रॅश म्हणतात. हेवी मेटलचं वजन आणि पंकचा वेग एकत्र केला की थ्रॅश होतं. वाजवणारे चौघे. जेम्स हेटफील्ड गातो आणि गिटार वाजवतो, कर्क हॅमेट दुसरी गिटार, लार्स उलरिक ड्रम, क्लिफ बर्टन बेस. सगळे तेव्हा २२ ते २४ वर्षांचे. म्हणजे आपल्या शाखेतल्या पोरांएवढेच.

आता गोऱ्या पोरांचं म्हणणाऱ्यांसाठी आधीची एक गोष्ट सांगतो. हेवी मेटलची नाळ कारखान्यात पुरलेली आहे. इंग्लंडात बर्मिंगहॅम नावाचं कारखान्यांचं शहर. तिथे टोनी आयोमी नावाचा पोरगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. वय १७. नोकरीचा शेवटचा दिवस. प्रेसवरचा माणूस आला नव्हता म्हणून याला तिथे उभं केलं. प्रेस खाली आली आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. पोरगा डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबायची तीच बोटं. सगळं संपलं म्हणून घरी बसला. तेव्हा कारखान्यातल्याच फोरमनने त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. या जँगोची दोन बोटं आगीत निकामी झालेली होती, तरी तो वाजवत होता. आयोमीने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं चिकटवलं, बारीक तारा लावल्या, पुढे त्या सैल करून आवाज खाली उतरवला. त्यातून ब्लॅक सबाथचा तो जड, काळा आवाज आला. त्यांची पहिली रेकॉर्ड १९७० ची. मेटॅलिकाची पोरं तीच ऐकत मोठी झाली.

ही गोष्ट मला का लागली ते सांगतो. १९९२ साली मी ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये एका वर्कशॉपात पॉवर प्रेसवर होतो. पत्रा सरकवायचा, पाय दाबायचा, पंच खाली. पीस काढायचा, पत्रा सरकवायचा. गार्ड नव्हता. गार्ड बसवला की पीस कमी पडतात, हे मालकाचं गणित. शेजारच्या प्रेसवरच्या गड्याची दोन बोटं पहिल्या पेरापर्यंत गेली. थोडे पैसे हातावर ठेवले आणि घरी बसवला. पुष्कळ वर्षांनी आयोमीची गोष्ट वाचली तेव्हा मुद्दाम त्याच्या घरी जाऊन ती त्याला सांगितली. त्याने सगळी ऐकून घेतली. चहा प्याला. मग म्हणाला, "त्याला गिटार होती रे."

यावर बोलायला माझ्याकडे काही नव्हतं. आजही नाही. वाचणाऱ्याने हे वाक्य जवळ ठेवावं आणि मग पुढे वाचावं.

कॅसेट माझ्याकडे आली मावसभावाकडून. आम्ही त्याला दादा म्हणायचो. तो मंडप-डेकोरेशनवाल्याकडे साउंडवर होता, स्पीकर वाहायचा, वायरी जोडायचा. कुठल्याशा पार्टीत कोणीतरी विसरलेली कॅसेट त्याने एक रात्र घरी आणली आणि साठच्या कॅसेटवर टेप करून घेतली. तिच्यावर आधी कव्वालीचा सामना होता. साठच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची, आणि इकडची चार गाणी सत्तावीस मिनिटांत संपायची. त्यामुळे चौथं गाणं संपलं की जरा खरखर, आणि मग तीनेक मिनिटं कव्वाली उगवायची. टाळ्या, हार्मोनियम, मधेच कोणाची तरी दाद. मला बरीच वर्षं ती कव्वाली त्या गाण्यांचाच भाग वाटायची.

पहिल्यांदा लावली तेव्हा आई म्हणाली, "बंद कर ते, शेजारी म्हणतील ह्यांच्यात मारामारी लागली." मलाही पहिल्यांदा मारामारीच ऐकू आली. पण तिसऱ्या-चौथ्या वेळी कान उघडला. मारामारीत कोणाचा हात कुठे जातो याचा नेम नसतो. इथे प्रत्येक हात ठरलेल्या जागी पडत होता. प्रेसवाल्याला हे चटकन कळतं. ठरलेल्या जागी पडलं नाही तर पीस वाया, नाहीतर बोट.

शब्द कळत नव्हते. गाण्यांचा कागद मिळतो का बघायला कॅसेटच्या एका मोठ्या दुकानात गेलो. काउंटरवरच्याने माझ्या हाताकडे पाहिलं. ऑइल नखात बसलेलं असतं, साबणाने जात नाही. म्हणाला, "ये इंग्लिश है, तेरे काम का नहीं." आता बघा. पत्र्याच्या कारखान्यात बोटं गमावलेल्या पोराने ज्याचा पाया घातला, ते संगीत. आणि प्रेसवरच्या पोराला सांगतात, तुझ्या कामाचं नाही! पुढे एका कॉलेजवाल्या पोराकडून कागद मिळवला, गाणी वहीत उतरवली, फूटपाथवरून डिक्शनरी घेतली आणि रोज रात्री एक कडवं असं बसलो. माझं इंग्रजी हे असं झालं. शाळेत झालं नव्हतं.

आता घावाबद्दल. गिटारची तार वरून खाली छेडता येते, खालून वरही. दोन्हीकडून छेडलं की हाताला कष्ट निम्मे. पण मग खाली येणारा घाव जड पडतो आणि वर जाणारा हलका. हेटफील्ड हलका घाव घेतच नाही. सगळे घाव वरून खाली. हात वर जातो तो रिकामा, पुढच्या घावासाठी. आणि तळहाताची कड तारेवर टेकवून आवाज आखूड करतो, म्हणजे नुसता ठोका उरतो, शेपूट नाही. 'मास्टर ऑफ पपेट्स' या गाण्याची लय मिनिटाला दोनशेच्या वर मात्रा, मात्रेला दोन घाव. म्हणजे सेकंदाला सात. गाणं साडेआठ मिनिटांचं, मधला थोडा संथ भाग सोडला तर हे असंच. माझी प्रेस मिनिटाला पंचवीस-तीस पीस काढायची आणि शिफ्ट सुटताना खांदा गेलेला असायचा. तुम्ही एकदा मांडीवर हात आपटून बघा. एका मिनिटात मनगट भरून येतं.

वरून खाली येणारे घाव आपल्याला नवे नाहीत. पिढ्यान् पिढ्या खाल्लेत. पण इथे घालणारा हात आपल्यासारख्याचा होता, आणि एकही घाव दुसऱ्यापेक्षा हलका नव्हता. मला तेव्हा जे कळलं ते एवढंच की संतापाला रियाज लागतो. नुसतं ओरडणारा पाचव्या मिनिटाला बसतो. याचा हात आठव्या मिनिटालाही तेवढाच जड.

ध्वनिमुद्रण डेन्मार्कात कोपनहेगनला झालं. सप्टेंबर ते डिसेंबर १९८५. चार महिने! फ्लेमिंग रासमुसेन हा त्यांच्याबरोबरचा तंत्रज्ञ-निर्माता. हेटफील्ड एकच तुकडा वाजवायचा, मग तोच पुन्हा, तसाच, पहिल्यावर बसेल असा. दोन-तीन थर एकमेकांवर. सुताएवढा फरक पडला तर सगळं गिचमिड होतं. म्हणून त्या गिटारचा आवाज भिंतीसारखा लागतो. भिंतही अशीच चढते, थरावर थर. त्याच वर्षी स्लेयर या दुसऱ्या बँडची 'रेन इन ब्लड' आली. ती अर्ध्या तासाच्या आत संपते, नुसता वेग, श्वास घ्यायला जागा नाही. तीही थोर आहे. पण मला ही जवळची, कारण ही थांबते, संथ होते, विचार करते आणि परत उठते.

आणखी एक खुबी. त्याच गाण्यात कडव्याच्या वेळी जो गिटारचा तुकडा फिरत राहतो, त्याचं दर चौथं आवर्तन तोकडं आहे. सम यायची तिच्या आधीच येते. ऐकणाऱ्याचा पाय चुकतो. पायरी आहे म्हणून पाय टाकावा आणि ती नसावी तसं. हे उगीच केलेलं नाही. ज्याच्या दोऱ्या दुसऱ्याच्या हातात आहेत, त्याला असंच पुढे ओढलं जातं.

कारण आठही गाण्यांत फिरून फिरून प्रश्न एकच. दोऱ्या कोणाच्या हातात? डॉन ब्रॉटिगम या चित्रकाराने काढलेलं मुखपृष्ठ पाहा. लाल आभाळ, खाली पांढऱ्या क्रुसांचं कब्रस्तान, एका क्रुसावर सैनिकाचं हेल्मेट. प्रत्येक क्रुसाला दोरी, आणि दोऱ्या वरच्या दोन हातांत. मेल्यावरही सुटका नाही.

शीर्षकाचं गाणं नशेवर आहे. पण ते नशा करणारा गात नाही. नशाच बोलते. मालक स्वतः बोलतो, आणि आपण काय काय करणार आहोत ते सरळ सांगतो. हे मी डिक्शनरी घेऊन लावलं तेव्हा अंगावर काटा आला. कारण आमच्या वस्तीत तेव्हा गर्द होती. ऐंशीनंतर मुंबईत, ठाण्यात ही ब्राउन शुगर शिरली आणि गल्लीगल्लीतून पोरं गेली. त्यांना गर्दुल्ले म्हणायचे. लोकं त्यांना चोर म्हणून मारायची. आणि दादा, माझा दादा, स्पीकर वाहणारा, त्यातलाच.

एका रात्री ओट्यावर बसून त्याला गाण्याचा अर्थ सांगितला. तो विडी ओढत ऐकत होता. ते गाणं त्याने माझ्या आधी शंभर वेळा ऐकलेलं, एक अक्षर न कळता. म्हणाला, "म्हंजे ही गर्दच बोलते व्हय?" मी म्हटलं, हो. बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "बराबर बोलते. अशीच बोलते ती. शिवी नाय देत. नुसता हिशेब सांगते."

दादा १९९४ च्या हिवाळ्यात गेला. स्टेशनच्या बाहेर सापडला. वय २९. पुण्यात अनिल अवचट आणि डॉ. अनिता अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्तीचं केंद्र १९८६ सालीच सुरू केलं होतं, म्हणजे ज्या वर्षी ही कॅसेट निघाली त्याच वर्षी. ठाण्याहून पुणे चार तासांवर. आमच्या वस्तीपर्यंत ती बातमी कोणी आणली नाही. स्टेशनात गर्दची पुडी मात्र रोज यायची.

हे गाणं लिहिणाराही सुटलेला नव्हता. दारूने हेटफील्डला धरलं. २००१ साली तो व्यसनमुक्ती केंद्रात गेला, २०१९ साली पुन्हा जावं लागलं. बाविसाव्या वर्षी ज्या मालकाचा आवाज त्याने इतका अचूक काढला, तो पुढे त्याच्याच दारात बसला. नुसतं ओळखून दोरी तुटत नाही. ओळखल्यावर रोज तोडावी लागते. हासुद्धा रियाजच.

बाकीच्या गाण्यांत हात बदलत जातात. 'वेलकम होम (सॅनिटेरियम)' वेड्यांच्या इस्पितळातल्या माणसाचं आहे. कल्पना केन किझीच्या कादंबरीवरून सुचलेली. तुझ्या भल्यासाठीच तुला कोंडलंय, असं सांगणारी व्यवस्था. गाणं हळू, जवळजवळ अंगाईसारखं सुरू होतं आणि शेवटी दार फोडायला निघतं. 'डिस्पोजेबल हीरोज' सैनिकाचं. फेकून देण्याजोगे वीर. त्यात एकदा हुकूम देणारा बोलतो, एकदा मरणारा पोरगा बोलतो. आमच्याकडे अशा वीरांना टेम्परवारी म्हणायचे. २४० दिवस भरायच्या आत ब्रेक द्यायचा आणि नवा आणायचा.

'लेपर मसायाह' टीव्हीवरच्या धर्मोपदेशकांवर. पैसे पाठवा, स्वर्ग घ्या. गाणं १९८६ चं, आणि पुढच्याच वर्षी जिम बेकर या अमेरिकेतल्या बड्या टीव्ही-उपदेशकाला भानगडी बाहेर आल्यावर गादी सोडावी लागली. हेटफील्डचा हा राग ऐकीव नाही. त्याच्या घरात ख्रिश्चन सायन्स हा पंथ होता. आजार प्रार्थनेने बरा होतो, औषध घ्यायचं नाही. आईला कॅन्सर झाला. पंथाप्रमाणे तिने उपचार घेतले नाहीत. १९८० साली ती वारली. पोरगा १६ वर्षांचा. बुवा, अंगारा, गंडादोरा यांच्यात आई गमावलेली माणसं आपल्याकडे थोडी नाहीत. त्यांना हे गाणं समजायला डिक्शनरी लागणार नाही.

मग येतं 'ओरायन'. साडेआठ मिनिटं, शब्द एकही नाही. संतापाच्या एवढ्या मोठ्या इमारतीत मधेच एक आभाळाकडे उघडं अंगण. ते मुख्यतः क्लिफ बर्टनचं. बेस हे वाद्य एरवी मागे राहून ओझं वाहतं, हमालासारखं. बर्टनने त्याला गायला लावलं. हा माणूस बाख ऐकायचा, संगीताचं व्याकरण शिकलेला होता, आणि बाकीच्यांनाही ते शिकवत होता. थ्रॅशवाले अडाणी, नुसते केस झटकतात, असं म्हणणाऱ्या पंडितांना मी 'ओरायन' ऐकवतो. आपल्या लिहिण्यालाही असेच पंडित भेटले होते. यात कला कुठाय, असं विचारणारे.

२७ सप्टेंबर १९८६. कॅसेट येऊन सात महिनेही झाले नव्हते. स्वीडनमध्ये रात्रीच्या प्रवासात बँडची बस उलटली. बर्टन बाहेर फेकला गेला आणि बसखाली सापडला. वय २४. त्याच्या अंत्यविधीला 'ओरायन' वाजवलं. मला दादा आठवतो तेव्हा मी हेच लावतो. दादाला ते फारसं आवडायचं नाही. म्हणायचा, "ह्यात कोन बोलतच नाय."

या पोरांना रेडिओने उभं केलं नाही. या गाण्यांवर त्यांनी एक व्हिडिओसुद्धा काढला नाही. गावोगाव वाजवत हिंडले, आणि वर्ष संपायच्या आत अमेरिकेत पाच लाख प्रती गेल्या. २०१६ च्या मार्चमध्ये तिकडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने, लायब्ररी ऑफ काँग्रेसने, ही रेकॉर्ड जतन करायच्या यादीत घेतली. मेटल संगीतातली त्या यादीतली ती पहिली. दारात उभं न करणारे तीस वर्षांनी पाट मांडतात. ही रीतही आपल्या ओळखीची आहे.

पण मी भक्त नाही. हे संगीत माझ्यापर्यंत टेपवरून टेप करत आलं. खुद्द मेटॅलिकाचं नाव १९८२ साली पसरलं तेही असंच, त्यांची नमुन्याची कॅसेट पोरांनी एकमेकांना टेप करून पाठवली म्हणून. आणि २००० साली हीच मंडळी नॅपस्टरविरुद्ध कोर्टात गेली, आणि गाणी फुकट वाटणाऱ्या तीन लाखांवर पोरांची यादी नॅपस्टरला नेऊन दिली. कलावंताच्या कष्टाचे पैसे बुडू नयेत हे खरंच. पण यादी दुकानदाराची नव्हती, चाहत्यांची होती. त्या दिवशी दोऱ्या कोणाच्या बोटांना होत्या? 'लेपर मसायाह' ज्याने नीट ऐकलंय तो हा प्रश्न मेटॅलिकालाही विचारणारच. ज्या गाण्याने डोळे उघडले ते गाणाऱ्यासमोर मिटायचे नसतात.

दोस्तहो, आता ही मोबाईलवर मिळते. कागद शोधायला नको, दुकानदाराचं तोंड बघायला नको. ५५ मिनिटं काढा, आणि सलग ऐका, तुकडे पाडून नको. पहिल्या वेळी मारामारी ऐकू येईल. येऊ द्या. दुसऱ्या वेळी फक्त हेटफील्डचा उजवा हात ऐका. तिसऱ्या वेळी फक्त बर्टन. मग पुढच्या बैठकीत पत्रक लिहायला बसाल तेव्हा पहिल्या ओळीला जो जोर देता तोच शेवटच्या ओळीला आहे का, ते तपासा. आपली पत्रकं तिसऱ्या परिच्छेदात दमतात. भाषणं त्याच्याही आधी. आवाज चढलेला असतो, घाव हलका झालेला असतो. समोरच्याला ते बरोबर कळतं. तो फक्त आपण दमायची वाट बघत बसलेला असतो.